दडलेले दुःख व नेमलेले काम

मनुष्याची काही दुःखे बोलून दाखविण्यासारखी असतात. पाऊस पडला नाही, बैल मेला, सोसायटीचे कर्ज थकले, ही दुःखे मनुष्य चावडीवर बसूनही सांगतो व लोक ती ऐकून घेतात. परंतु काही दुःखे अशी असतात की, ती ज्याची त्यालाही नीट ठाऊक नसतात. ती मनाच्या तळाशी जाऊन बसतात, आणि वर येतात तेव्हा निराळेच सोंग घेऊन येतात. कोणाचे डोके रोज दुपारी ठणकते, कोणास पहाटे जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही, कोणाची अन्नावरची वासना उडते, कोणी लेकरांवर उगीच खेकसतो. दवाखान्यात जावे तर डॉक्टर तपासून सांगतात की, शरीरात काही दोष दिसत नाही. मग घरची माणसे म्हणतात, "तुला झाले आहे तरी काय? उगीच विचार करीत बसतोस." आणि तो मनुष्य गप्प राहतो.

अशा मनुष्याच्या घरी मंडळीतील उपदेशक किंवा एखादी वडील बाई भेटीस गेली म्हणजे तिने काय करावे? बहुतेकांस दोनच मार्ग सुचतात. एक, धीराच्या चार गोष्टी सांगून उठावे. दुसरा, "मनात काय आहे ते सांग" म्हणून खोदून खोदून विचारावे. पहिल्या मार्गाने दुःख जागच्या जागी राहते. दुसऱ्याने ते अधिक खोल जाते; कारण जखम झाकून धरलेला हात कोणी ओढू लागला की मनुष्य तो अधिकच आवळून धरतो. तिसरा एक मार्ग आहे व त्याचाच विचार आज करावयाचा आहे. तो असा की, दुःखास हात न लावता त्या मनुष्याने येत्या आठवड्यात करावयाचे एक लहान व नेमके काम त्याच्याच तोंडून ठरवून घ्यावे, आणि ते करीत असता जेथे त्याचे पाऊल अडेल तेथे त्याच्याबरोबर थांबावे. दडलेले दुःख पुष्कळदा तेथेच सापडते.

हा मार्ग आम्ही कल्पनेने काढलेला नाही. तो कोठे व कसा कसोटीस लागला हे कळावे म्हणून वाचकांस थोडा वेळ दूरदेशी न्यावे लागेल.

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात झिंबाब्वे नावाचा देश आहे. हरारे ही त्याची राजधानी. २००५ साली तेथील सरकारने शहरांतील अनधिकृत ठरविलेली घरे व दुकाने पाडण्याची मोठी मोहीम काढली. संयुक्त राष्ट्रांनी चौकशीसाठी पाठविलेल्या दूतांच्या अहवालाप्रमाणे सुमारे ७ लक्ष लोकांचे घर, धंदा किंवा दोन्हीही तीत नाहीशी झाली. एड्सच्या रोगाने त्याआधीच घरोघरची माणसे नेली होती. इतक्या लोकांच्या मनांची काळजी वाहावयास त्या देशात मनोरोगांचे डॉक्टर बोटांवर मोजण्याइतकेच होते. डॉ. डिक्सन चिबांडा हे त्यांपैकी एक. त्यांच्या उपचाराखाली असलेल्या एका तरुण स्त्रीने ह्याच सुमारास आत्महत्या केली. ती भेटीस का आली नाही असे त्यांनी विचारले तेव्हा तिच्या आईने सांगितले की, इस्पितळापर्यंत येण्यास मोटारीचे भाडे जवळ नव्हते. रोगी आपल्याकडे येईल अशी वाट पाहत बसून चालावयाचे नाही, रोगी राहतो तेथेच उपाय असला पाहिजे, हे ह्या उत्तराने डॉक्टरांच्या मनात पक्के बसले.

२००६ साली हरारेतील म्बारे नावाच्या दाट वस्तीत त्यांनी कामास आरंभ केला. तेथील दवाखान्यात त्यांस देण्यास खोली नव्हती व परिचारिकाही नव्हत्या. मिळाल्या त्या आरोग्यखात्याचे काम वस्तीत करणाऱ्या १४ वृद्ध स्त्रिया, आणि मिळाली ती दवाखान्याबाहेरची झाडाखालची जागा. तेथे एक लाकडी बाक ठेवण्यात आला. डॉक्टरांच्या मनातून त्यास 'मानसिक आरोग्याचा बाक' असे नाव द्यावयाचे होते. पण ह्या आज्यांनी स्पष्ट सांगितले की, अशा नावाच्या बाकावर कोणी येऊन बसणार नाही. तेव्हा त्याचे नाव 'मैत्रीचा बाक' असे पडले. रोगाचे इंग्रजी नावही त्यांनी बाजूस ठेवले व आपल्या शोना भाषेतील 'कुफुंगिसिसा' हा शब्द घेतला. त्याचा अर्थ 'फार विचार करणे'. आपल्याकडेही बायका "मला विचार लागला आहे" असेच म्हणतात. विद्वानास जे सुचले नाही ते ह्या थोडके शिकलेल्या बायांस सुचले, आणि आमच्या मते सर्व कामाचा पाया तेथेच घातला गेला.

आता ती आजी बाकावर बसून करते काय? तिच्या कामाचे तीन भाग असून त्यांस शोना भाषेत तीन नावे आहेत. त्यांचे अर्थ मन उघडणे, उठविणे व बळकट करणे असे आहेत. प्रथम ती ऐकते. आलेले मनुष्य आपल्या अडचणी एकामागून एक सांगते: भाडे थकले आहे, नवरा मारतो, मूल आजारी आहे, रात्री झोप नाही. आजी त्यांपैकी कोणतीही मोठी किंवा लहान असे म्हणत नाही. सर्व सांगून झाल्यावर ती विचारते, "ह्यांतली कोणती आपण आधी हाती घ्यावी?" निवड आलेल्या मनुष्याची असते, आजीची नसते. मग त्या एका अडचणीवर कायकाय करता येईल ते दोघी मिळून बोलतात व त्यांतला एक उपाय ठरवितात. तो कोणत्या दिवशी, कोठे, कोणाबरोबर व कसा करावयाचा हेही ठरते. पुढच्या भेटीस त्याचे काय झाले हे आजी आठवणीने विचारते. काम झाले असेल तर पुढचे ठरते. झाले नसेल तर का झाले नाही ह्याचा विचार होतो. अशा सहा भेटी होतात. पुढे ही मनुष्ये आपसांत जमतात, व तेथे बायका टाकाऊ प्लास्टिकच्या पट्ट्या विणून पिशव्या करीत करीत एकमेकींस आपले सांगतात. हात कामात असले म्हणजे जीभ मोकळी होते हे निंदणीस जाणाऱ्या बायांस सांगावयास नको.

कोणी म्हणेल, ह्यात मनाच्या खोल दुःखाचा संबंध कोठे आला? हे तर व्यवहाराचे काम झाले. ही शंका योग्य आहे, आणि तिचे उत्तर देण्यासाठी आम्ही आपल्याच गावातले एक उदाहरण घेतो. हे कोणा एकीचे नव्हे, समजुतीसाठी रचलेले आहे.

समजा, एका विधवेस दोन वर्षांपासून डोकेदुखी आहे. तिच्या घरी गेलेल्या बाईने तिला तिच्या अडचणी विचारल्या. छप्पर गळते, मुलीच्या शाळेचा खर्च आहे, सासूशी पटत नाही, आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करावयाचा राहिला आहे, असे तिने सांगितले. नवऱ्याच्या मरणाविषयी ती एक अक्षर बोलली नाही. विचारले तर "ते झाले, आता काय त्याचे" एवढेच म्हणाली. कोणती अडचण आधी घ्यावी असे विचारता तिने अर्ज निवडला. अर्जास नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला लागतो. म्हणून असे ठरले की, मंगळवारी सकाळी दहा वाजता तिने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जाऊन दाखला मागावा. पुढच्या भेटीस कळले की, दाखला आणला नाही. "कार्यालय बंद होते," ती म्हणाली. भेटीस आलेल्या बाईने दोष दिला नाही, "बरे, तू कोठपर्यंत गेली होतीस?" एवढेच विचारले. थोडा वेळ गेला. मग ती म्हणाली, "दारापर्यंत गेले होते. उघडेच होते. मला आत जाववेना. तो कागद हाती घेतला म्हणजे ते खरेच गेले असे होईल."

दोन वर्षे जे दुःख कोणी विचारून बाहेर आले नाही ते एका दाखल्याच्या कामाने बाहेर आले. त्या दिवशी ती पोटभर रडली असेल. अर्ज दोन वर्षे का पडून राहिला हे तिचे तिलाही त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते; आळस, गडबड, सासूची कटकट, अशीच कारणे ती स्वतःस सांगत होती. आता पुढचे काम ठरविताना मार्ग दिसतो. पुढच्या मंगळवारी शेजारणीस बरोबर घेऊन जावे, दाखला मागू नये, तो मिळण्यास काय लागते एवढेच विचारून यावे. त्याच्या पुढच्या आठवड्यात मागावा. दाखला घरी आला म्हणजे तो ट्रंकेत कोठे ठेवावयाचा हेही कदाचित दोघींनी मिळून ठरवावे लागेल. हसण्यासारखी ही गोष्ट नव्हे. ज्या घरात मृत मनुष्याचे धोतर अजून वळणीवर तसेच आहे त्या घरातील लोकांस ती कळेल.

असे का होते ते थोडक्यात सांगतो. जे दुखते ते मनुष्य टाळतो. टाळल्याने तेवढ्यापुरते बरे वाटते, म्हणून तो पुन्हा टाळतो. हळूहळू त्या दुःखाच्या आसपासच्या गोष्टीही टाळल्या जातात: एक वाट, एक घर, एक कागद, एक गाणे. जगणे आखडत जाते, सुखाचे प्रसंग कमी होतात व मन अधिक खचते. मनुष्य म्हणतो, "मन बरे झाले म्हणजे करीन." परंतु मन बरे होण्याची वाट पाहत बसल्यानेच ते बरे होत नाही. नेमलेले काम हा क्रम उलटा करते. प्रथम पाऊल, मन मागून. आणि ज्या ठिकाणी पाऊल अडते ते ठिकाणच कुंपण कोठे घातले आहे हे दाखविते. विहिरीतील गाळ काढणारा मनुष्य वरून डोकावून गाळ किती हे ठरवीत नाही. तो दोर सोडतो व दोर जेथे अडतो तेथे शोधतो.

तथापि कोणतेही काम नेमले म्हणजे हा गुण येतो असे नाही. येथे पुष्कळांची चूक होते, सबब ह्याविषयी विस्ताराने लिहितो. अमेरिकेतील एडविन लॉक ह्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली असे मांडले की, "होईल तितके चांगले कर" असे सांगितलेल्या मनुष्यापेक्षा ज्यास नेमके व थोडे कठीण काम सांगितले आहे तो अधिक करून दाखवितो. पुढे पुष्कळ परीक्षांनी हे खरे ठरले. पण ते परीक्षण बहुतांशी धडधाकट मनुष्यांच्या कामाविषयी होते. खचलेल्या मनुष्यासाठी नेमकेपणा तोच ठेवावा, कठीणपणा मात्र पुष्कळ उतरवावा. काम इतके लहान असावे की वाईट दिवशीही ते होईल. "घर आवरीन" हे मोठे. "उद्या चहा झाल्यावर चुलीजवळचा कोनाडा पुसीन" हे बेताचे.

ऑग्डेन लिंड्सली नावाच्या दुसऱ्या एका अमेरिकन पंडिताने एक गमतीची कसोटी सांगितली आहे. जे मेलेल्या मनुष्यालाही साधते ते काम नव्हे. "मी रडणार नाही", "मी भांडणार नाही", "मी जुने आठवणार नाही" हे सर्व नेम प्रेतासही पाळता येतात. प्रेत रडत नाही, भांडत नाही, आठवीत नाही. आमच्या लोकांचे बहुतेक नेम ह्याच जातीचे असतात, आणि ते मोडले की मनुष्य स्वतःस अधिकच हिणवू लागतो. दुःख पुरून टाकण्याचा नेम हा तर दुःखासच खतपाणी घालतो. नेम असा असावा की तो पाळताना जिवंत मनुष्याचे हातपाय हालले पाहिजेत.

आणखी एक. काम आपल्या हातचे असावे. "भावाने माझ्याशी बोलावे" हे भावाच्या हातचे आहे. "मी भावाच्या घरी जाईन" हे माझ्या हातचे. भाऊ बोलला नाही तरी माझे काम झाले असे धरावयाचे.

आता ह्या पद्धतीचा परिणाम खरोखर होतो काय? हरारेत २०१४ ते २०१५ च्या दरम्यान २४ दवाखान्यांतून ५७३ लोक निवडून त्याची परीक्षा घेण्यात आली. अर्ध्या दवाखान्यांत बाकावरच्या भेटी ठेविल्या, अर्ध्यांत नेहमीचा उपचार थोड्या अधिक काळजीने दिला. सहा महिन्यांनी पाहता, नेहमीच्या उपचाराच्या दवाखान्यांत शेकडा सुमारे ५० लोकांत खिन्नतेच्या रोगाची लक्षणे होती. बाकावर बसलेल्यांत ती शेकडा सुमारे १४ लोकांतच राहिली होती. हा वृत्तांत अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकात २०१६ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. सहा भेटींत सर्वांची सर्व दुःखे फिटली असे कोणी म्हटलेले नाही, आणि आम्हीही म्हणत नाही. पण इतका फरक पडावा हे थोडे नव्हे.

ह्या कामाचा आपल्या बाजूशीही संबंध आहे. बाकावर येणाऱ्यांस जे चौदा प्रश्न प्रथम विचारले जातात ते हरारेतच १९९० नंतरच्या दशकात तयार झाले, व ते तयार करणाऱ्यांत डॉ. विक्रम पटेल हे होते. त्यांनी पुढे गोव्यात येऊन सहकाऱ्यांसह १९९६ साली 'संगाथ' ही संस्था स्थापिली. गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतून ४९५ रोग्यांवर ह्याच्याशी मिळती पद्धत तपासण्यात आली. सल्ला देणारे डॉक्टर नव्हते. ह्या विषयाचे आधी काहीही न शिकलेले साधे स्त्रीपुरुष थोडे शिक्षण देऊन तयार केले होते. सहा ते आठ भेटींत ते रोग्याकडून लहान लहान कामे ठरवून घेत: कोणास भेटावयाचे, कोठवर चालून यावयाचे, सुटलेले कोणते काम पुन्हा धरावयाचे. तीन महिन्यांनंतर, भेटी मिळालेल्यांपैकी शेकडा ६४ लोक रोगाच्या खुणेखाली आले होते. नुसता केंद्रातला नेहमीचा उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा ३९ होते. हे २०१७ साली 'लॅन्सेट' पत्रात छापले आहे. तेव्हा हे काम आमच्या खेड्यातील उपदेशकास किंवा वडील बाईस झेपणार नाही असे म्हणण्यास जागा उरत नाही.

मात्र काही गोष्टी सांभाळाव्या लागतील. आमच्या उपदेशकांचा एक दोष असा आहे की, समोरच्याचे वाक्य पुरे होण्याच्या आत त्यांच्या तोंडी बोध तयार असतो. ह्या कामात बोध अगदी शेवटी, आणि मागितला तर. दुसरे, ऐकलेली गोष्ट ऐकणाऱ्याच्या पोटातच राहिली पाहिजे. "अमक्या बहिणीच्या घरच्या दुःखासाठी प्रार्थना करा" असे सभेत म्हटले की त्या बहिणीचे दार कायमचे बंद झाले. हेतू चांगला होता हे तिच्या काय उपयोगाचे?

जिला घरात मार बसतो तिच्याकडून "अधिक सोशीन" असा नेम कधीही करवून घेऊ नये. तिचे पहिले काम, मार पडेल त्या रात्री लेकरांसह कोणाच्या घरी जावयाचे ते घर ठरविणे हे असू शकेल. ज्याने युद्धात, दंग्यात किंवा लहानपणी भयंकर काही सोसले आहे व त्याची चित्रे डोळ्यांपुढून हालत नाहीत, त्यास ह्या विषयाचे शिक्षण घेतलेल्या मनुष्याकडे पोहोचवावे. ज्याच्या कानी आवाज येतात त्यासही तसेच. आणि कोणी मरणाची भाषा काढली, मग ती थट्टेने का असेना, तर कामे नेमीत बसू नये. "तुझ्या मनात जीव देण्याचे येते काय?" असे सरळ विचारावे. विचारल्याने ती कल्पना डोक्यात भरते ही समजूत खोटी आहे. होय म्हणाला तर त्यास एकटे सोडू नये, फवारणीचे औषध व दोर दृष्टीआड करावेत, आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. सरकारने २०२२ साली टेली-मानस नावाची दूरध्वनीची सोय केली आहे; तिचा क्रमांक १४४१६ असून तेथे रात्रंदिवस, पैसे न पडता, मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक उपदेशकाने आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

वही अशीच लहान असावी. प्रत्येक भेटीची तारीख, ठरलेले काम त्या मनुष्याच्याच शब्दांत, त्याचा दिवस व वेळ, आणि पुढच्या भेटीस त्याने सांगितलेले, एवढेच तीत लिहावे. नाव लिहू नये. एखादी खूण पुरे.

वर्गात अभ्यासासाठी चार नेम खाली देतो. "मी आजपासून मुलांवर चिडणार नाही." "मुंबईच्या मुलाने मला दर रविवारी फोन करावा." "मी आता मन घट्ट करून पुढे जाईन." "बुधवारी दिवे लागण्यापूर्वी मी धाकट्या भावाच्या ओसरीवर जाऊन पाच मिनिटे बसेन. बोलणे झाले नाही तरी चालेल." पहिल्या तिहींत प्रत्येकी कोणता दोष आहे तो वर्गाने शोधावा व ते नेम बदलून लिहावेत. चौथा नेम करणारा मनुष्य पुढच्या भेटीस "जमले नाही, पाऊस होता" असे म्हणाला, तर त्यास पुढचा प्रश्न कोणता विचाराल, हे प्रत्येकाने आपापल्या शब्दांत सांगावे.